उन्हाची वाटणी

पुण्यातल्या एका जुन्या दुमजली घराच्या गच्चीवर ऊन सकाळी नऊला येतं आणि दुपारी चारला निघून जातं. पूर्वी ते दिवसभर मुक्कामाला असायचं. मग पूर्वेकडच्या वाड्याचा पुनर्विकास झाला, त्याला बघून पश्चिमेच्या बंगल्याचाही झाला, आणि दोन्ही बाजूंनी सात-सात मजले चढले. उरलेल्या सात तासांत या घराला गोधड्या वाळवायच्या असतात, चाळीस कुंड्या जगवायच्या असतात आणि संसारही करायचा असतो.

या उन्हाचा कुणी सातबारा काढलाच, तर भोगवटादार म्हणून तीन नावं निघतील: गोधडी, बाग आणि घर. ‘घर’ या नावाखाली पापड, कुरडया, सांडगे, लाल मिरच्या, लोणच्याच्या बरण्या, नातवाचे फुटबॉलचे बूट आणि थंडीत आजोबांची पाठ एवढे पोटहिस्से. इतर हक्कांत शेजारचं मांजर. फेरफार रोज होतो, आणि त्यावर हरकतही रोज येते.

घरच्या मालकीणबाई अडुसष्ट वर्षांच्या. सगळी आळी त्यांना काकू म्हणते, म्हणून इथेही काकूच. माहेर कोल्हापूरकडचं, सासर अस्सल पुण्याचं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात रात्री गारठा वाढला, तेव्हा नव्या सुनेने दबक्या आवाजात सासूबाईंकडे वाकळ मागितली. सासूबाईंना कमी ऐकू यायचं. सकाळी त्यांनी कौतुकाने सुनेच्या ओंजळीत बकुळीची फुलं घातली. कोल्हापूरच्या वाकळेला पुण्यात गोधडी म्हणतात हे काकूंना तेव्हा कळलं. सुनेला फुलांची फार आवड आहे हे सासूबाईंना कळलं, आणि दुसऱ्याच दिवशी बागेला पाणी घालायचं काम सुनेकडे आलं. काकूंचे दोन्ही छंद असे एका गैरसमजातून जन्मले.

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण काकूंना मान्य नाही. म्हण काढणाऱ्याने जन्मात गोधडी शिवलेली नसणार, असं त्यांचं मत आहे. भाराभर चिंध्या म्हणजे भांडवल! धड कापड घेऊन तर कोणीही शिवेल. आणि या बाबतीत त्यांच्या बाजूने मोठी साक्ष आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथे १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर अंगावर ठिगळं लावलेली चिंध्यांची गोधडी पांघरून गावोगाव झाडू घेऊन फिरले. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत, चिंधेबुवा म्हणत. महाराष्ट्राला ते गाडगेबाबा म्हणून माहीत आहेत. त्यांचा दाखला दिला की घरातलं कोणी चिंध्यांबद्दल पुढे बोलत नाही. मात्र काकूंचे यजमान, म्हणजे काका, हळूच म्हणतात, “बाबांनी त्या चिंध्या दुसऱ्याच्या कपाटातून काढल्या नव्हत्या.”

काकांचं दुःख आहे ते एका शर्टाचं.

निळ्या बारीक रेघांचा, अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट. राष्ट्रीयीकृत बँकेतली शेवटची अकरा वर्षं काकांनी तो घातला. कॉलर उलटून लावून झाली होती, काखेत ठिगळ लागलं होतं, पण काकांच्या भाषेत तो ‘अजून बोलत होता’. चैत्रात तो इस्त्रीला गेला आणि परत आलाच नाही. इस्त्रीवाल्याची दोनदा चौकशी झाली. तिसऱ्यांदा काका खाली उतरू लागले तेव्हा काकू म्हणाल्या, “अहो, त्या बिचाऱ्याला त्रास देऊ नका. शर्ट घरातच आहे.” घरात कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही. दिवाणखान्यात जमिनीवर सात फूट बाय पाच फूट गोधडी पसरलेली होती, तिच्या मधल्या थरातून निळ्या रेघा डोकावत होत्या.

गोधडीला सुतीच लागतं, नवीन नव्हे तर शेकडो वेळा धुऊन मऊ झालेलं. टेरिकॉट सुईखाली सरकतं, घाम शोषत नाही. टेरिकॉटचे शर्ट काकांच्या कपाटात अकरा आहेत आणि त्यांना अभय आहे. काका ते घालत नाहीत. वर आणि खाली जुनी लुगडी. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर, त्यामुळे एका लुगड्यात वरची बाजूही निघते आणि अस्तरही. मध्ये धोतर, चादरी, परकर आणि ज्यांची ओळख आता पटत नाही असे कपडे. चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, सुरकुती काढायची, आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर बांधून घ्यायचे आणि मग कडेने धावदोरा सुरू करायचा. या घरात एका कोपऱ्यावर वरवंटा असतो, दुसऱ्यावर तांदळाचा पितळी डबा, तिसऱ्यावर इस्त्री आणि चौथ्यावर काकांची बँकिंग कायद्याची दोन जाड पुस्तकं. निवृत्तीनंतर त्या पुस्तकांवर एवढं भरवशाचं काम दुसरं पडलेलं नाही.

गोधडी पसरली की दिवाणखाना बंद. पाहुणे आले तर भिंतीच्या कडेकडेने स्वयंपाकघरात येतात. टीव्ही बघायचा तर दारातून. आणि सुई हरवली तर घरात संचारबंदी. आहे तिथे, आहे त्या पायावर सगळ्यांनी थांबायचं. सून एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये कानात इअरफोन घालून वीस मिनिटं दारात एका पायावर उभी होती. सुई मग काकूंच्याच अंबाड्यात सापडली. त्यांनी ती नीट ठेवली होती.

काका स्वस्थ बसणारे नव्हेत. त्यांनी हिशेब मांडला. पाच फूट रुंदी, अर्ध्या इंचाला एक ओळ, म्हणजे १२० ओळी. प्रत्येक ओळ सात फुटांची, इंचाला चार टाके, म्हणजे ओळीला ३३६. एकूण ४०,३२० टाके. दोरा नुसत्या ओळींना ८४० फूट, मीटरमध्ये २५६. वर-खाली जाण्यात लागतो तो वेगळा. “पाव किलोमीटर!” काका म्हणाले. “इथून मंडईपर्यंत दोरा गेला असता.” काकूंनी अंगुस्तान घातलेलं बोट न थांबवता विचारलं, “मग येताना कोथिंबीर आणली असती का त्याने?”

तेव्हापासून काकांच्या डायरीत रोज रात्री टाक्यांची नोंद होते. एप्रिलमधल्या एका पानावर असं आहे: ‘सोमवार, टाके १,३४४. मंगळवार, ३३६ (पाहुणे). बुधवार, ० (कुरडया). गुरुवार, ० (कुरडया, दुसरा हप्ता). शुक्रवार, १०० अंदाजे, पैकी ६० उसवले (नातू).’ घरकामात आणि छंदात बायकांचा वेळ कसा विभागला जातो, यावर यापेक्षा प्रामाणिक कागद सापडणं कठीण.

उन्हाळ्यात गच्चीवर जे चालतं त्याला वाटाघाटी म्हणतात, पण तो शब्द सौम्य आहे. कुरडईचा चीक भल्या पहाटे शिजतो आणि ऊन यायच्या आत घालून व्हावा लागतो. पापडांना कडक ऊन नको, ते तडकतात. मिरचीला मात्र जितकं कडक तितकं बरं. मोगरा भर उन्हाळ्यात फुलतो आणि त्याला दिवसभराचं ऊन हवं. कुंडीतल्या मेथीचं नेमकं उलट, दुपारच्या उन्हाने ती माना टाकते. आणि दोरीवर गोधडी टाकली की तिची पाच फुटी सावली आधी मोगऱ्यावर, मग कुरडयांवर, मग पापडांवर अशी सरकत जाते. काकांनी या सावलीला ‘फिरतं अतिक्रमण’ असं नाव दिलं आणि ‘ऊन वाटप पत्रक’ तयार केलं. त्यात तासवार रकाने होते. पत्रक गच्चीच्या दारावर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी ते पापडाखाली सापडलं. कागद चांगला जाड होता.

उन्हाचा असा हिशेब मांडणारे काका पहिले नव्हेत. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर मूळचे गणिताचे प्राध्यापक. पानांवर किती ऊन पडतं आणि त्यातून किती अन्न तयार होतं, याची गणितं ते शेतकऱ्यांपुढे मांडत. ‘प्रयोग परिवार’ त्यांचाच, ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तकही त्यांचंच. पालापाचोळा, स्वयंपाकघरातलं ओलं टाकाऊ आणि चार हात जागा यांवर शहरातही पिकवता येतं, ही गोष्ट त्यांनी लोकांच्या डोक्यात घातली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या भटारखान्याच्या गच्चीवर रोजच्या भाज्यांच्या देठासालींवर फळझाडं आणि भाजीपाला उभा राहिला, तो याच वाटेवर. काकूंना दाभोलकर पटतात कारण ते माहेरचे. काकांना पटतात कारण ते गणिताचे. नवरा-बायकोचं एकमत झालेली या घरातली ती बहुधा एकमेव व्यक्ती असावी.

एकमत झालं की मात्र धोका वाढतो. सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीतलं जीवामृत करायचं दोघांनी ठरवलं. एकराचं माप असं: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर जिवंत माती. काकांनी ते वीस लिटरच्या बादलीला बरोबर दहाने भागून घेतलं. संध्याकाळी सून दमून घरी आली, पिठल्यासाठी डबा उघडला, तर तळाशी चमचाभर बेसन. “बेसन कुठे गेलं?” “झाडांनी खाल्लं,” नातू म्हणाला. त्या रात्री घराने खिचडी खाल्ली आणि टोमॅटोने पिठलं. बादलीच्या वासावरून शेजाऱ्यांशी झालेलं बोलणं इथे देण्यासारखं नाही.

मे महिन्यात काकूंच्या भावजयीने कोल्हापूरहून पावट्याचं घरचं बी पाठवलं. कागदाच्या पुडीत पसाभर. काकू तेव्हा निळ्या रेघांच्या भागावर होत्या. शर्ट आता सगळ्यांना माहीतच झाला होता, तेव्हा तो लपवायचा तरी कशाला, म्हणून त्यांनी त्याचा पुढचा भाग खिसा-बटणासकट वरच्या बाजूला, पायथ्याशी लावला होता. काकांचा मान राखला, असं त्यांना वाटलं. काकांना तो अपमान वाटला. “माझ्या खिशावर पाय ठेवून झोपायचं का मी?” असं म्हणून त्यांनी गोधडीवर बहिष्कार टाकला. गोधडी पूर्ण झाली, घडी घातली, दिवाणात गेली.

बोस्टनला असलेल्या लेकीने व्हिडिओ कॉलवर आईची बाजू घेतली. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड नावाच्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायका शेतात घालून झिजलेल्या कपड्यांच्या अशाच गोधड्या शिवत आल्या आहेत. २००२ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. नवऱ्याच्या पँटचा गुडघा, खिशाखाली न विटलेला गडद चौकोन, सगळं तसंच दिसतं त्यात. काकूंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “भिंतीला थंडी वाजते का तिकडे?”

इतकं लांब जायचीही गरज नाही. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या तालुक्यांमध्ये सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांचे हे वंशज, त्यांच्या बोलण्यात कोकणी आणि मराठी मिसळलेली. त्यांच्या बायका ‘कवंदी’ शिवतात, ती कडेपासून सुरू होऊन चौकोनी फेऱ्यांनी आत आत जात मधोमध संपते. कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात. फुलं नसली तर कवंदी उघडी राहिली असं समजतात. ही माहिती मिळाल्यावर काकूंनी आपल्या गोधडीच्या चारही कोपऱ्यांना फुलं शिवली. काकांनी डायरीत लिहिलं, ‘टाके ४०,३२० + फुलं ४. हिशेब बिघडला.’

मृग लागला आणि पावट्याची आठवण झाली. पुडी नाही. फ्रीजवर नाही, देव्हाऱ्याच्या खणात नाही, शिवणाच्या डब्यात नाही. काकूंना एवढंच आठवत होतं की पुडी नीट ठेवली आहे. मराठी घरात नीट ठेवलेली वस्तू ही एक स्वतंत्र जात आहे. तिचा शोध लावायचा नसतो, ती प्रकट व्हायची वाट बघायची असते. पावट्याची कुंडी रिकामी राहिली आणि काकूंनी तीत रागाने झेंडू लावला.

पावसाळ्यात वाटणीचा प्रश्नच मिटतो, कारण वाटायला ऊनच नसतं. गोधड्यांना दमट वास येतो, पापडांचा डबा उघडायला परवानगी लागते आणि बाग मात्र हाताबाहेर जाते. अळू कुंडीतून बाहेर पडून जिन्याकडे निघतो. रात्री शंखी गोगलगायी येतात, मूळच्या आफ्रिकेतल्या, मुठीएवढ्या, आणि सकाळपर्यंत झेंडूचे नुसते देठ ठेवतात. काकांनी नातवाला एका गोगलगायीमागे एक रुपया कबूल केला. पहिल्या रात्री सात, दुसऱ्या रात्री नऊ, तिसऱ्या रात्री चौदा. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला ही वाढ संशयास्पद वाटली. काकूंनी चौथ्या रात्री पकडलेल्या प्रत्येक गोगलगायीच्या शंखाला सुनेचं नेलपॉलिश लावलं. पाचव्या रात्री नातवाने जमा केलेल्या सतरापैकी अकरा लाल निघाल्या.

याच दिवसांत कधीतरी ब्रह्मकमळ फुलतं. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं. कुंडीतलं हे मूळ मेक्सिकोकडचं निवडुंग. पण हे रात्री अकरा वाजता कुणालाही सांगू नये. शेजारी हळद-कुंकू घेऊन आलेले असतात, चहा टाकावा लागतो.

श्रावणात नागपंचमी येते आणि काकूंना वर्षातली एकमेव अधिकृत रजा मिळते. त्या दिवशी जमीन खणायची नाही, भाजी चिरायची नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. त्यांच्या माहेरी तर सुईही धरत नसत. म्हणजे बाग बंद, गोधडी बंद, निम्मं स्वयंपाकघर बंद. एका नागाने जे करून दाखवलं ते काकांच्या पत्रकाला जमलं नव्हतं. अर्थात पुरणाची दिंडं करावीच लागतात, ती उकडलेली असतात म्हणून चालतात. पुरण वाटायला मात्र नाग येत नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी बाग सार्वजनिक होते. एकवीस पत्री कुणाकडेच पूर्ण नसतात, आणि सगळ्यांना वाटतं काकूंकडे आहेत. सकाळी सहापासून घंटी वाजू लागते. दूर्वा, आघाडा, माका, तुळस, जाई, मरवा, डाळिंबाचं पान. देवदार कुठून आणायचा, असं एका तरुण शेजाऱ्याने विचारलं तेव्हा काकूंनी त्याला दारातल्या ख्रिसमस ट्रीकडे बोट दाखवून परत पाठवलं. ते आपल्या घरच्या पूजेत कुणी धरू नये. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, मात्र कुंड्यांची चांदी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हाताने लावलेलंच खायचं, असा रिवाज. गच्चीवर बैल चढण्याचा संभव नसल्याने काकूंचा अळू, भेंडी आणि लाल माठ शंभर टक्के शास्त्रोक्त. “पण हल्ली शेतात ट्रॅक्टरच असतो ना? मग बाजारातली चालायला हवी,” सून म्हणाली. हा मुद्दा बिनतोड होता. काकूंनी उत्तर न देता तिला आणखी भाजी वाढली.

मग पितृपक्ष सरतो आणि घट बसायच्या आत घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं धुतली गेली पाहिजेत, हा नियम. काकूंच्या लहानपणी गावातल्या वाकळा बैलगाडीत घालून नदीवर नेत. दगडावर आपटायच्या, पायाने तुडवायच्या आणि काठच्या झुडपांवर पसरायच्या. पुण्यात नदीबद्दल न बोललेलं बरं. एकदा मुलाने गोधडी सात किलोच्या वॉशिंग मशीनमध्ये कोंबली. कोरडी गोधडी तीन किलोची, पण ओली झाल्यावर तिने आपला विचार बदलला. मशीन धडधडत बाथरूममधून निघालं आणि उंबऱ्यापर्यंत आलं. वायर संपली म्हणून थांबलं. तेव्हापासून गच्चीवर मोठा टब, त्यात नातू उड्या मारायला, आणि पिळायला काका आणि मुलगा समोरासमोर.

गोधडी पिळणं ही बघण्यासारखी गोष्ट आहे. दोघांनी दोन टोकं धरायची आणि पीळ द्यायचा. काका मोजमापाचे, त्यांनी सांगितलं, “मी उजवीकडे, तू डावीकडे.” दोघांनी जीव खाऊन फिरवली. गोधडी शांतपणे दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखी गोल फिरत राहिली, पाणी एक थेंब निघेना. समोरासमोर उभं राहिल्यावर दोघांनीही आपापल्या उजवीकडे फिरवायचं असतं, हे उमगायला तीन गोधड्या लागल्या. ते उमगताच चौथीला असा काही पीळ बसला की मुलगा घसरला, मिरचीची कुंडी आडवी झाली आणि वर काकूंनी सांगितलं, “शर्टाची ती बहिष्काराचीही आणा. एकदाही वापरली नाही म्हणून काय झालं? नियम म्हणजे नियम.”

सगळ्या धुऊन झाल्या, दोऱ्यांवर टाकल्या, आणि हस्ताचा पाऊस आला. मोसमी पाऊस मुंबईतून परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटी गोधड्या धुणाऱ्याने तक्रार कुणाकडे करायची? पाच ओल्या गोधड्या घरात आल्या. खुर्च्यांवर, दारांवर, जिन्याच्या कठड्यावर. पंखे अहोरात्र. तीन दिवस घर गुहेसारखं झालं होतं, माणसं गोधड्यांखालून वाकून जात होती आणि एकमेकांना नुसत्या आवाजावरून ओळखत होती.

तिसऱ्या दिवशी काका निळ्या रेघांखालून वाकून जाताना खिसा त्यांच्या नाकाला लागला. खिसा फुगलेला होता. त्यांनी बटण काढलं.

आत कागदाचा लगदा होता, आणि त्यात पसाभर पावटा, प्रत्येकाला अर्ध्या बोटाएवढा पांढराशुभ्र मोड. उसळीला मोड आणायचे तर कडधान्य भिजवून फडक्यात बांधून उबेत ठेवतात. खिशाने नेमकं तेच केलं होतं. काका बराच वेळ खिशात बघत राहिले. मग हाक मारली, “अगं, हा शर्ट अजून बोलतोय.”

उसळ करायची की लावायचे, यावर घरात मतदान झालं. उसळीला तीन मतं पडली आणि पावटे लावले गेले. काकूंच्या घरात लोकशाही अशी चालते. झेंडू उपटून मोकळ्या केलेल्या कुंडीत पाच, बाकीचे जुन्या बादल्यांत. घटात पेरलेलं धान्य नऊ दिवसांत जितकं तरारून आलं तितकंच पावट्यानेही मनावर घेतलं. घटातल्या मातीला काकू कधी जीवामृत देत नाहीत, आणि दर वर्षी तिथली उगवण गच्चीपेक्षा चांगली असते. याचं कारण देवी, असं त्यांचं म्हणणं. काकांचं म्हणणं, तिथे कोणी गोधडी वाळत घालत नाही.

दिवाळीआधी बोहारीण आली. जुन्या साड्या घेऊन स्टीलची भांडी देणाऱ्या या बाईशी काकूंचं अनेक वर्षांचं शीतयुद्ध आहे, कारण दोघींचं लक्ष एकाच कपाटावर असतं. यंदा काकांनी स्वतः होऊन अकराच्या अकरा टेरिकॉटचे शर्ट तिला दिले आणि एक मध्यम आकाराचं पातेलं घेतलं. उरलेल्या सुती कपड्यांना त्यांनी कुलूप लावलं. किल्ली कुठे आहे, हे फक्त त्यांनाच माहीत आहे. ती त्यांनी नीट ठेवली आहे.

थंडी पडली तशी काकांनी घोषणा वगैरे न करता निळ्या रेघांची गोधडी दिवाणातून काढली. फक्त उलटी पांघरली, खिसा छातीवर येईल अशी. आता रात्री चष्मा त्यात असतो. लेकीने फोनवर तीच गोधडी मागितली; विमानात एका बॅगेला २३ किलो चालतं, तीन किलो सहज बसतील, म्हणाली. काका म्हणाले, “तुला आई नवीन करून देईल. तुझ्या नवऱ्याचे शर्ट पाठव.”

जानेवारीत गच्चीवर फार कामं येतात. मोगऱ्याची छाटणी, एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जायचं म्हणून आपली शेवंती किती खुजी राहिली याचा आधीच करून घेतलेला शोक, हळदीकुंकवाच्या वाणासाठी पंचवीस कुल्हडांत तुळशीची रोपं. आणि भोगीच्या भाजीला पावटा हवा. पावट्याचे वेल तोवर कठड्यावरून चढून गोधड्यांच्या दोरीवर पोचले होते आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तिला विळखा घालून बसले होते. शेंगा लोंबत होत्या. दोरीवर सुतळी टाकायलाही जागा नव्हती.

भोगीच्या सकाळी काकू उन्हाला द्यायला गोधडी घेऊन वर आल्या आणि दोरीसमोर उभ्या राहिल्या. वेल कापायचा नाही, भाजी झाल्यावरही नाही, कारण बी धरायचं होतं. काका हातोडी आणि दोन खिळे घेऊन आले. त्यांनी पूर्वेच्या भिंतीला नवी दोरी बांधली, तीवर गोधडी टाकली, खिशातला चष्मा काढून घेतला, मागे सरून सावली कुठे पडते ते पाहिलं. ती पडत होती ती थेट मधल्या मोकळ्या फरशीवर.

“आई,” खालून शेंगांसाठी परडी घेऊन आलेल्या सुनेने विचारलं, “एप्रिलमध्ये कुरडया कुठे घालायच्या?”

काका पत्रक करायला खाली गेले.